तुम्ही विचारलंत म्हणून: दादाची फाईल मी का वाचत नाही

"दादाने उपचारांच्या कामात मदतीला लिहून नेमलेली नामनिर्देशित प्रतिनिधी तूच ना? मग डॉक्टरांकडून सगळं काढून का घेत नाहीस?" सपोर्ट ग्रुपमध्ये विचारतात, लग्नकार्यात जेवताना विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मला काहीच कळायला नको, असं माझं म्हणणं नाही. न कळल्याने काय होतं ते मी पाहिलंय.

दादाला बायपोलर (मन कधी फार उंच, कधी फार खाली जाण्याचा आजार) आहे एवढं घरात ठाऊक होतं. त्यावरचं लिथियम हे औषध सुरू झालंय हे त्याने लपवलं, डॉक्टरांनाही घरी सांगू नका म्हणून बजावलं. गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत. त्या मे महिन्यात त्याची कंबर धरली. फॅमिली डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी दिली. त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्या गोळीने लिथियम लघवीवाटे बाहेर पडायचं कमी होतं. त्यात जुलाब लागले. अंगातलं पाणी, मीठ गेलं की ते आणखीच साचतं. दादाच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. आई म्हणाली, अशक्तपणा. मग जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला. मी मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये फोन केला. "पेशंटच्या परवानगीशिवाय काही सांगता येत नाही." म्हटलं, सांगू नका, निदान माझं ऐकून तरी घ्या. फोन ठेवला! रात्री आयसीयूत रक्तातली लिथियमची लेव्हल पाहिली तेव्हा उलगडा झाला. डायलिसिस करावं लागलं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पण जिवाला धोका असेल तर माहिती द्यायची मुभाही त्याच कलमात आहे. आणि घरच्यांचं ऐकून घेतल्याने कुणाची गोपनीयता मोडते? याचा राग माझा अजून गेलेला नाही.

बरा झाल्यावर दादाने स्वतः साध्या कागदावर प्रतिनिधी म्हणून माझं नाव लिहून सही केली. आमचं ठरलं: औषधं, लेव्हलच्या तारखा, धोक्याची लक्षणं मला कळणार. डॉक्टरांसमोर आत बसून तो काय बोलतो, ते त्याचं.

तेव्हाची मी हे कधीच मानलं नसतं. "सख्खा भाऊ आहे, सगळं कळायलाच हवं," म्हणाली असती. तिला मी खोटं कसं पाडू? आयसीयूबाहेर तीच बसली होती. पण पहिल्या अ‍ॅडमिशनच्या वेळी डॉक्टरांनी बाबांना विश्वासाने सांगितलेलं चार दिवसांत मामांच्या घरी पोचलं, आणि दादाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. त्यानंतर तो डॉक्टरांशीही मोकळं बोलेना. डबी बदलायची सवय तिथून लागली.

आता मला दिसतं ते मी डॉक्टरांना कळवते: झोप, पाणी, हातांची थरथर. तेही दादाला सांगून. उलट काही विचारत नाही. उद्या त्याने जेवण सोडलं, बोलणं सोडलं, तरी हे पाळेन का? छातीठोकपणे हो म्हणता येत नाही. दादालाही मी तसंच सांगितलंय, आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.