.३०८ चं ब्रास ट्रिमिंग: पुस्तकातला आकडा आणि माझं चेंबर
ही ५० केसची (काडतुसाची रिकामी पितळी कवचं, परत भरून वापरायची) बॅच तीनदा फायर झालेली. मागच्या अपडेटमध्ये फुशारकी मारली होती की सगळ्या २.०१० इंचाच्या आसपास आहेत, ट्रिमिंगची गरजच नाही. चूक माझीच, मी साइझिंगच्या (डायमध्ये दाबून केस परत मापात आणण्याच्या) आधी मोजल्या होत्या. फुल लेंथ डायमधून काढून परत कॅलिपर लावला तर बऱ्याचशा २.०१६, दोन-तीन तर २.०१८, म्हणजे .३०८ विंचेस्टरच्या २.०१५ मॅक्सच्या वर. डाय अंग दाबते, शोल्डर (वरचा उतार) मागे ढकलते, मग पितळ जाणार कुठे, नेकमध्ये (बुलेट धरणाऱ्या मानेत) पुढे सरकतं, आणि वर येताना एक्स्पांडर बॉल (नेक आतून रुंद करणारा गोळा) कोरड्या नेकला ओढतो तो वेगळाच. आता नेकच्या आत थोडं ल्यूब लावतोय, प्रेसच्या हँडलला फरक लगेच जाणवला.

लांब केसचं दुखणं नुसतं बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड बंद होण्याचं नाही. नेकचं तोंड चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) टोकाच्या पायरीत घुसलं की त्याला उघडायला जागाच उरत नाही, बुलेट चिमटीत धरल्यासारखी राहते आणि प्रेशर चढतं. आणि बोल्ट दणकट असेल तर तो काही न कुरकुरता बंदही होतो, त्यामुळे हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

आता खरी मजा. रिलोडिंगच्या पुस्तकात ट्रिम लेंथ (कापायचं माप) २.००५ आहे, पण माझं चेंबर नेमकं केवढं ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणून चेंबर लेंथ गेजचा छोटा प्लग आणला. एका जुन्या केसची नेक मुद्दाम बरीच कापायची, त्यात प्लग बसवायचा, हळूच चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करायचा, पायरी प्लगला मागे ढकलते, मग बाहेर काढून बुडापासून प्लगच्या कडेपर्यंत मोजायचं. चार वेळा केलं, तीनदा २.०२८ आलं, एकदा २.०२६, पण तेव्हा काढताना प्लगला धक्का लागला होता.

म्हणजे २.००५ ला कापलं तर पुढे २३ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोकळी जागा, आणि नेमका तिथेच कार्बनचा कडक रिंग जमतो. पण चेंबर लांब आहे म्हणून मॅक्सच्या वर जायचा मोह मी टाळला, हे ब्रास उद्या दुसऱ्या रायफलमध्ये गेलं तर? शेवटी २.०१२ ला थांबलो. दहाबारा केस त्याहून आखूड निघाल्या, त्या तशाच ठेवल्यात, क्रिंप (नेकचं तोंड बुलेटवर आवळणं) करत नसल्याने मला चालतं, क्रिंपवाल्यांनी मात्र सगळ्या एका मापात आणाव्यात नाहीतर एक घट्ट एक सैल होणार.

ट्रिमर बुडाने धरणारा आहे त्यामुळे माप टिकतं, फक्त बुडाला चिकटलेला कचरा पुसावा लागतो, एक बारीक कीस अडकला आणि लागोपाठ चार केस २ थाऊ आखूड झाल्या. ट्रिमनंतर आत चॅम्फर (कड किंचित तिरकी करणं), बाहेर डिबर (कडेचा खरखरीतपणा काढणं), दोन्ही अगदी हलक्या हाताने, सुरीसारखी धार काढायची नाही. माप कडेचा खरखरीतपणा काढल्यावरच घ्यायचं.

३८ झाल्या. उरलेल्या १२ मोजल्यात, सगळ्या मापात आहेत, त्यांना फक्त चॅम्फर करायचंय. पुढच्या फायरिंगनंतर साइझ करून किती वाढतात ते टाकतो, यावेळी एक्स्पांडरच्या ल्यूबचा फरक आकड्यात दिसायला हवा.