ठाण्यातून परत आलेली दुनळी : माझा अनुभव

ग्वाल्हेरात परवान्याची बंदूक असलेल्या घरात निवडणूक म्हणजे आधी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणं. ९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची आचारसंहिता लागली, ३ डिसेंबरला मतमोजणी झाली. हत्यारं घरी येऊन टेकतात न टेकतात तोच १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता. तिचा निकाल ४ जूनला, म्हणजे दुसऱ्या खेपेच्या बंदुका परत आल्या त्या ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. शहरातल्या लष्कर-मुरारकडच्या जुन्या घरांतल्या बारा बोर, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुका, झाडण्याने फारशा झिजत नाहीत. त्या खराब होतात त्या अशा पडून राहण्याने. म्हणून खरी मेहनत जमा करण्याआधीची. नंतरची सगळी निस्तरानिस्तर.

जमा करताना मी बंदूक केसमध्ये देत नाही. चामड्याची किंवा फोमची केस ओल धरून ठेवते आणि जिथे नळीला टेकते तिथेच तांबेरा उठतो. नळ्या आतून कोरड्या पुसायच्या, मग हलक्या मशीन ऑइलचा एक हात, बाहेरून तेलाने ओलसर सुती कापड, त्यावर मेणकागद आणि सुतळी. डब्ल्यूडी-४० वर भिस्त ठेवू नये; ते पाणी हटवायला चांगलं, पण त्याचा थर पातळ, महिनोन्‌महिने टिकत नाही. उलट तेल बदाबदा ओतलं तर ते दस्त्याकडे उतरतं. अ‍ॅक्शनला, म्हणजे चाप-हॅमर असलेल्या लोखंडी सांगाड्याला, टेकलेलं लाकूड तेल पिऊन काळं पडतं, मऊ होतं आणि पुढे तिथेच चिरतं. घरीसुद्धा तेल दिल्यावर पहिले दोन दिवस मी नळीचं तोंड खाली करून ठेवतो ते एवढ्यासाठीच.

रसीद घेताना नुसतं ‘एक बारा बोर’ लिहून घेऊ नका. दुनळी तीन तुकड्यांत सुटते : नळ्या, फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) आणि दस्ता-अ‍ॅक्शन. चांगल्या बंदुकीत तिन्हींवर एकच नंबर असतो. नळ्यांच्या खालच्या सपाटीवर, फोरएंडच्या लोखंडावर आणि चापाच्या कडीवर तो सापडतो. तिन्हींचे फोटो काढा आणि नंबर रसीदीवर चढवून घ्या. ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त-जमा वस्तूंच्या कोठीत, एकसारख्या बंदुकांची चळत असते, त्यात फोरएंडची अदलाबदल झाली तर घरी येऊन कळतं की सांधा नीट बसतच नाही.

परत घेताना पहिलं काम ठाण्यातच : तोंड सुरक्षित दिशेला, बंदूक मोडायची, म्हणजे सांध्यावर वाकवून उघडायची, आणि दोन्ही चेंबर (काडतूस बसतं त्या जागा) रिकामी आहेत ना बघायचं. मग उजेडाकडे धरून नळ्यांतून आरपार पाहायचं. भिंतीशी उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मजेत घर बांधते. सुकलेल्या मातीची ती गोळी बोटभर असली तरी पुरते : मागून आलेला छर्रा तिथे अडला की नळी फुगते, नाहीतर फाटते. रसीदीवर सही करण्याआधी हे पाहून घ्यावं.

घरी सफाई नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. तीन तुकड्यांचा रॉड, बारा बोरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश, फ्लॅनेलचे पाच-पाच सेंटिमीटरचे तुकडे. आधी सॉल्व्हंटचा ओला तुकडा, दहा मिनिटं थांबायचं, मग ब्रश, मग तुकडा कोरडा निघेपर्यंत कोरडेच. घाण दोन जागी चिकटते : चेंबर संपून नळी अरुंद होते ती उतरण आणि चोक, म्हणजे तोंडाजवळचा आवळलेला भाग. तिथे शिशाचे करडे पट्टे आणि प्लॅस्टिक वॅडचा (काडतुसातल्या दारू आणि छर्ऱ्यांमधल्या बुचाचा) चकचकीत थर असतो. तो थर उजेडात आरशासारखा दिसतो, त्यामुळे ‘नळी लख्ख आहे’ असं वाटून फसगत होते.

जुन्या, क्लोरेटवाल्या टोपीची (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या कॅपची) काडतुसं झाडली असतील तर तेलाने भागत नाही. त्या टोपीतून नळीत क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. नळ्या सुट्या करून त्यांतून गरम पाणी सोडायचं, लगेच खडखडीत कोरड्या करायच्या आणि मगच तेल.

बाहेरच्या तांबेऱ्यावर पॉलिश पेपर मारला की निळा मुलामा गेलाच. तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी चार शून्याची, म्हणजे अगदी बारीक, स्टील वुल तेलात भिजवून, नळीच्या लांबीने, अगदी हलक्या हाताने. तांबूस धूळ निघून येते, निळाई राहते. आत खड्डे दिसले तर मात्र हात लावू नये. ते घासून काढायचे म्हणजे नळीची भिंत पातळ करायची. सर्वांत पातळ जागी भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर चांगला कारागीर पुढे जात नाही, आणि ती जाडी डोळ्यांनी कळत नाही, मोजावीच लागते.

जोडताना एक नेहमीची अडचण. बॉक्सलॉकमध्ये, म्हणजे हॅमर अ‍ॅक्शनच्या आत दडलेल्या बंदुकीत, बंदूक मोडली की आतले हॅमर चढतात. सुट्या अवस्थेत कोणी चाप ओढला, आणि घरातलं कोणी ना कोणी ओढतंच, तर हॅमर पडतात, चढवणारे दांडे वर येतात आणि फोरएंड बसत नाही. ठोकाठोकी करू नये. दांडे लाकडी ठोकळ्यावर दाबून हॅमर पुन्हा चढवायचे.

जोडल्यावर फोरएंड काढून, बंद बंदूक दस्त्याने धरून हळूच हलवतो. खडखड आली तर सांधा सैल, दुरुस्तीला न्यावी. मग सुट्या नळ्या हुकाला टांगून लाकडाने टिचकी मारतो. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणारी मधली पट्टी घट्ट आहे. बोदा आवाज आला तर तिची झाळ सुटलीय. बाहेरून काही दिसत नाही, पण आत पाणी जाऊन गंज चालू असतो.

आजोबा-पणजोबांच्या विलायती बंदुकीला काडतूस निवडताना चेंबरची लांबी आधी बघावी. अडीच इंची चेंबर म्हणजे ६५ मिलिमीटर, पावणेतीन इंची म्हणजे ७०. काडतुसावर लिहिलेली लांबी ही झाडून तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे ७० चं भरलेलं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं आणि सगळं ठीक वाटतं. झाडल्यावर त्याची घडी उलगडायला जागा नसते, ती उतरणीत घुसते आणि दाब चढतो. नळीवर वेटोळ्यांची नक्षी, म्हणजे दमास्कस, दिसली तर तज्ज्ञाने तपासल्याशिवाय आजचं काडतूस घालूच नये. वीस बोरचं काडतूस त्याच डब्यात ठेवू नये. ते बारा बोरच्या चेंबरमधून घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, मागून बारा घातलं की स्फोट.

एकसंध शिशाची गोळी, जिला हल्ली स्लग म्हणतात, हा तर वेगळाच विषय. बारा बोरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची, फुल चोक ती तोंडाशी साधारण एक मिलिमीटरने आवळतो. छर्रे तिथून दाटीवाटीने निघतात, घट्ट गोळी अडखळते. १८७५ नंतरच्या काही वर्षांत इंग्रज प्रूफ हाऊस (बंदुकांच्या नळ्यांची ताकद तपासणाऱ्या संस्था) चोकच्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नाही’, असा ठसाच मारत. तो दिसला तर प्रश्न मिटला. दुनळीत डावी नळी सहसा जास्त आवळलेली असते, हेही ध्यानात ठेवावं.

कपाटात पितळी टोपण आणि काडतूस भरायचं जुनं हातयंत्र सापडलं की ‘घरीच भरू या’ असं म्हणणारे भेटतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना तिथे चालत नाही. शिवाय जुन्या नळीची ताकद माहीत नसताना दारूच्या मापाचा अंदाज बांधायचा कशाच्या आधारावर? यंत्र शोकेसमध्ये शोभतं. खडकीच्या कारखान्याची काडतुसं परवान्यावर नोंद करून मिळतात, तीच घ्यावी.

त्याच कपाटात कागदी काडतुसं निघाली, फुगलेली किंवा पितळेवर हिरवं चढलेली, तर उन्हात वाळवू नका, फोडून बघू नका. परवानाधारक दुकानदाराला आधी फोन करून त्याच्याकडे किंवा ठाण्यात द्या, आणि नोंद करून रसीद घ्या.