शिट्टी दोनदा बंद झाली

"काका, हल्ली तुमचं कानाचं मशीन शिट्टी मारत नाही ते कसं?" सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या चार-पाच जणांनी तरी हे मला विचारलंय. त्यातल्या दोघांचं कानाचं मशीन शर्टाच्या खिशात असतं, कानात नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पण माझी शिट्टी दोनदा बंद झाली, आणि पहिल्यांदा बंद झाली तेव्हा माझं नुकसान झालं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. सौद्यातले आकडे ऐकायचे आणि लिहायचे, यात उमर गेली. कान गेले ते इतके सावकाश की, लोकच पुटपुटायला लागलेत असं मला वाटायचं. मशीन घेतलं आणि आठवड्यात शिट्ट्या सुरू. भाकरी चावली की शिट्टी, मफलर गुंडाळला की शिट्टी. मंडळी दोनदा उठून गॅस बंद करून आल्या.

जिथून मशीन घेतलं तिथे गेलो. तिथल्या मुलानं ते कॉम्प्युटरला जोडलं, दोन मिनिटं टकटक केली, शिट्टी गायब. मी खूश. पुढे मंडईत बाई म्हणाली साठ, मी ऐकलं आठ, आणि दहाची नोट देऊन वर दोन रुपये परत मागितले. जन्मभर आकड्यांवर जगलेल्या माणसाची ही गत.

झालं काय होतं, ते नंतर कळलं. मशीनमधून कानात गेलेला मोठा आवाज फटीतून बाहेर येतो, मशीनच्याच माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन कानात जातो, पुन्हा बाहेर. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरपुढे नेला की किंचाळतो ना, तेच. हा प्रकार बहुतेक वेळा वरच्या पट्टीत होतो, २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास. आणि स, श, च ही अक्षरं ओळखू येतात तीही वरच्याच पट्टीतल्या आवाजावर. त्या मुलानं फट बुजवली नाही, वरचा आवाजच कापला. साठचा आठ झाला तो असा.

तेव्हा पहिलं काम, फट शोधा. मशीन कानात घालून मोल्डवर, म्हणजे कानाच्या मापानं बनवलेल्या आत बसणाऱ्या भागावर, बोटानं हलकं दाबा. शिट्टी थांबली तर मोल्ड किंवा डोम (मोल्डऐवजी असणारी मऊ तयार टोपी) सैल आहे, किंवा नीट बसलेला नाही. मग मशीन काढून, आवाज जिथून बाहेर येतो ते भोक अंगठ्यानं गच्च बंद करा. तरी शिट्टी येत असेल तर नळी चिरलीय किंवा बिघाड मशीनच्या आत आहे, ते दुरुस्तीलाच द्या. आणि या सगळ्याच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानातला मळ बघून घ्या. मळावर आपटून आवाज परत फिरतो. मळ काढायला किल्ली, काडी, पिन काही घालू नका. हे सांगायची वेळ येऊ नये, पण आमराईतच पाहिलंय म्हणून सांगतो.

माझा मोल्ड सैल होता. आजारपणात वजन उतरलं होतं, कानही तो कान राहिला नव्हता. दुसऱ्या ठिकाणच्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी नवं माप घेतलं. कानात मसाला भरला आणि जबडा हलवायला लावला, कारण तोंड उघडलं की कानाची नळी आकार बदलते. भाकरीच्या शिट्टीचं कोडं तिथे सुटलं. नवा मोल्ड मात्र इतका घट्ट झाला की माझा आवाज मलाच हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, उतरून बोलल्यासारखा घुमायला लागला. मग बाईंनी त्याला बारीक भोक पाडलं. भोक मोठं केलं तर शिट्टी, बुजवलं तर पेव. यासाठी तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा त्या वैतागल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मानतो.

त्यांनी आणखी एक केलं, जे आधी कुणीच केलं नव्हतं. कानाच्या पडद्याजवळ पोचेल अशी केसासारखी बारीक नळी कानात सरकवली, वर मशीन घातलं आणि आवाज खरोखर किती पोचतो ते मोजलं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. कॉम्प्युटर सांगतो तो अंदाज असतो, हे माझ्याच कानातलं माप. वजनकाटा न लावता हळदीचं पोतं कुणी घेईल का? मशीन घेण्याआधी फोन करून विचारा, हे मोजता का. आणि माप घेणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी झालेला आहे का, तेही विचारा. राग आला तर येऊ दे. ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची, प्रत मागून घ्या, ती आपली असते.

आता एक गंमत. मिरजेला दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे मी जातो. नव्या मोल्डनिशी गेलो तर तंबोरा थरथरायला लागला. तंबोरा, आणि तोही तंबोऱ्यांसाठी नावाजलेल्या मिरजेत! शेजारच्याला विचारलं, तर तो म्हणाला उत्तम लागलाय. बाईंनी उलगडा केला: मशीन शिट्टी ओळखून ती दाबून टाकतं, आणि लांबलेला एकसारखा सूर त्याला शिट्टीच वाटतो. त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला, त्यात ही राखण सैल ठेवलीय. गाण्यात मान टेकली तर एखादी शिट्टी येते, तेवढी मी घेतो.

तुमच्यातल्या दोघांनी उद्या मशीन खिशातून काढून आणा. बोटाची आणि अंगठ्याची परीक्षा बाकावरच करू. सेल तेवढे नवे घालून या.