सोनं पळवायचं तर आधी पाणी घालवा

आमच्या प्रयोगशाळेत लेझरने आयनांना वेग देतात; माझं काम टार्गेटचं, म्हणजे लेझर ज्यावर मारायचा त्या पातळ सोन्याच्या पत्र्याचं. लेझर चालवणारी मंडळी वेगळी, त्यांची ऐटही वेगळी. मी काचेवरचा सोन्याचा थर पाण्यावर अलगद सोडते, तरंगला की भोकं पाडलेल्या फ्रेमवर उचलते, सुकवते. जाडी एक मायक्रॉनहूनही कमी. आमचे मामा सराफ. हे ऐकल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "घट किती धरता?" म्हटलं, मामा, शॉट (लेझरचा एक झोत) पडतो तिथलं सगळं घटीतच.

सोन्याच्या आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंना, वेग द्यायचा, म्हणून हा खटाटोप. लेझर त्यांना थेट ढकलत नाही. काही फेम्टोसेकंदांचा (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) झोत आधी इलेक्ट्रॉन उधळतो. ते पत्र्याच्या मागून बाहेर पडले की तिथे मीटरला लाख कोटी व्होल्टच्या घरातलं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि आयन त्यामागे खेचले जातात. नेहमीच्या त्वरकात (कणांना वेग देणाऱ्या यंत्रात) मीटरमागे काही कोटी व्होल्ट मिळाले तरी पुष्कळ.

पण पहिला नंबर लागतो हायड्रोजनचा. व्हॅक्यूम कितीही चांगला असो, पत्र्यावर पाण्याचा आणि तेलाचा काही नॅनोमीटरचा थर असतोच, आणि दोन्हींत हायड्रोजन. (मी तर पत्राच पाण्यातून काढलेला!) हायड्रोजनचा आयन म्हणजे नुसता प्रोटॉन: भार एक, वस्तुमान एक. सोन्याचे सगळे ७९ इलेक्ट्रॉन काढले तरी वस्तुमान १९७, म्हणजे भार भागिले वस्तुमान जेमतेम ०.४. त्यामुळे प्रोटॉन पुढे सटकतात आणि क्षेत्राचा जोर तेच खाऊन टाकतात. २००० साली अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या पेटावॅट लेझरवर ५८ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचे (हे कणांच्या ऊर्जेचं माप) प्रोटॉन मिळाले, त्याचं केवढं कौतुक झालं. गंमत म्हणजे धातूच्या पत्र्यांतूनही प्रोटॉनच निघत होते. मला विचाराल तर खरी उडी २००२ ची. फ्रान्समधल्या लुली प्रयोगशाळेत टार्गेट तापवून हायड्रोजन घालवला आणि फ्लोरिनचे आयन १०० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास पोचले. मोठा लेझर न आणता, नुसत्या सफाईने!

पुढे २०२१ मध्ये कोरियातल्या ग्वांग्जूच्या लेझरवर सोन्याचे आयन १.२ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत (म्हणजे १२०० मेगा) पोचल्याचं प्रसिद्ध झालं. काही अणूंचे तब्बल ६१ इलेक्ट्रॉन निघाले होते. "टेबलावर मावणारा त्वरक" असे मथळे वाचले की मात्र मला हसू येतं. आयनांच्या ऊर्जेचा पसारा अजून फार मोठा, म्हणजे सगळे सारख्या ऊर्जेचे निघत नाहीत, आणि प्रत्येक शॉटला नवं टार्गेट लागतं. ते बसवायला मी!

शॉटनंतर सीआर-३९ च्या चकत्या (चष्म्याच्या भिंगांचं प्लास्टिक) गरम कॉस्टिक सोड्यात टाकते. आयन जिथे घुसला तिथे खड्डा पडतो आणि मायक्रोस्कोपखाली दिसतो. जड आयनांचे खड्डे ठसठशीत असतात.

तापवण्यावरून सध्या आमच्यात वाद चालू आहे. लेझरवाल्यांना पत्रा आणखी गरम हवा. पण इतकं पातळ सोनं जास्त तापलं की वितळण्याच्या बरंच आधी त्याला भोकं पडतात आणि ते गोळा होऊन बसतं. त्यांना म्हटलंय, आधी फ्रेम बदलू, मग तापमानाचं बोलू.