शिकारीची दुर्बीण आणि नेमबाजीची दुर्बीण

रायफलवर दुर्बीण बसवायची ठरली की बहुतेक जण सर्वांत आधी ती किती पटींनी मोठे दाखवते हे विचारतात. मीही तेच विचारले होते आणि ६ ते २४ पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची स्कोप घेतली होती. नेमबाजीच्या मैदानावर ३०० मीटरवरील कागदावर पडलेली छिद्रे तिच्यातून मोजता येत, त्यामुळे परवाना काढून शिकारीला गेलो तेव्हा रायफलवर तीच होती. संध्याकाळ उतरत असताना जेमतेम ४० मीटरवर, झुडपांच्या कडेला हरीण येऊन उभे राहिले. मी रायफल खांद्याला लावली आणि भिंगात मला फक्त तपकिरी केस व एक धूसर फांदी दिसली. मैदानावर ठेवलेली १८ पट तशीच राहिली होती आणि फोकसही दूरवरचा होता. ते केस खांद्याचे की मांडीचे हे मला ओळखता येईना, म्हणून मी चापावरचे बोट काढले. पट कमी करायची कडी फिरवून होईपर्यंत हरीण निघून गेले होते.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे की शिकारीची दुर्बीण तिच्या लहान आकड्यावरून निवडावी. ३-९x४० या खुणेतील ३ हा तो आकडा; ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. ३ पटीला १०० मीटरवर साधारण ११ मीटर रुंदीचा भाग दिसतो, तर २४ पटीला जेमतेम दीड मीटर. जनावर कुठे उभे राहील, किती अंतरावर असेल आणि किती सेकंद थांबेल हे शिकाऱ्याच्या हातात नसते. त्याला आधी जनावर शोधायचे असते, मग त्याचा खांदा ओळखायचा असतो आणि त्याच्या मागे काय आहे हेही पाहायचे असते. मोठा आकडा ९ किंवा १० असला तरी नेहमीच्या अंतरांना तो पुरेसा होतो, आणि दाट झाडीत तर १ ते ६ पटीची दुर्बीण मला त्याहून बरी वाटते.

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे, तरी तो फारसा कोणी करत नाही. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० भागिले ५ म्हणजे ८ मिलिमीटर. ५० भागिले २४ म्हणजे जेमतेम २. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि वयानुसार ती पाचाच्या आसपास येते. संधिप्रकाशात २ मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो आणि दृश्य काळवंडते. मध्य युरोपात रात्री मचाणावर बसणारे शिकारी ८x५६ ची स्थिर पटीची दुर्बीण का वापरत आले, हे या भागाकारावरून कळते, कारण उत्तर नेमके ७ येते. मात्र मोठ्या भिंगाला उंच रिंगा, म्हणजे दुर्बीण रायफलवर धरणाऱ्या कड्या, लागतात आणि गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, म्हणून ५६ चे भिंग मी बसून वाट पाहणाऱ्यालाच सुचवेन, दिवसभर चालणाऱ्याला नाही. नळी २५.४ ऐवजी ३० मिलिमीटरची असली की जास्त प्रकाश येतो, ही समजूत चुकीची आहे. जाड नळीचा खरा फायदा म्हणजे रेटिकल, म्हणजे भिंगात दिसणारी नेम धरायची रेघ, वर-खाली सरकवायला आत जास्त जागा मिळते.

ही जागा लागते ती लांब पल्ल्याच्या नेमबाजाला. त्याला अंतर आधीच ठाऊक असते, लक्ष्य पळत नाही आणि वेळ हाताशी असतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धेत, अमेरिकेतील नियमांनुसार, १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, दहा गुणांचे वर्तुळ १० इंचांचे आणि त्याच्या आतले एक्स वर्तुळ ५ इंचांचे असते. जी रेघ १०० मीटरवर २ सेंटिमीटर झाकते ती तिथे १८ सेंटिमीटर झाकेल आणि १२.७ सेंटिमीटरचे एक्स वर्तुळ तिच्याआड दिसेनासे होईल. म्हणून नेमबाजाला केसासारखी बारीक रेघ लागते, तर शिकाऱ्याला झुडपांच्या अंधारातही दिसणारी, कडांना जाड आणि मध्यभागी बारीक होणारी रेघ लागते. क्लिकचेही, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीच्या एकेका खटक्याचेही, तसेच आहे. पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरवर नेम सुमारे ७ मिलिमीटर हलवतो, पण ९१४ मीटरवर तोच क्लिक साडेसहा सेंटिमीटरहून अधिक होतो, म्हणून कागदावर नेम धरणारे पुष्कळ जण अष्टमांश मिनिटाचे क्लिक पसंत करतात. नेमबाजाचे टरेट, म्हणजे क्लिक फिरवायच्या या चकत्या, उघडे आणि हाताने सहज फिरणारे असावेत. शिकाऱ्याच्या टरेटवर टोपण असावे, कारण पिशवीला घासून चार क्लिक फिरले तरी ते त्याच्या लक्षात येत नाही.

पॅरलॅक्सच्या बाबतीत शिकाऱ्यांना विनाकारण घाबरवले जाते, असे मला वाटते. डोळा मध्यावरून सरकला की रेघ लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते, हा तो दोष. १०० मीटरला पक्की केलेली ४० मिलिमीटरची दुर्बीण २०० मीटरवर वापरली, तर डोळा अगदी कडेला असतानाही ही चूक सुमारे २ सेंटिमीटरची होते. हरणाच्या छातीतील मर्मभाग त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. नेमबाज मात्र एवढ्यावर गुण गमावतो, म्हणून बाजूला पॅरलॅक्सची चकती असलेली दुर्बीण त्याने घ्यावीच. जास्त पट घेतल्याने उन्हातली हवेची थरथरही तितकीच मोठी दिसते. अनुभवी नेमबाज तीवरून वारा ओळखतात आणि लक्ष्य पाण्यात हलल्यासारखे दिसू लागले की पट कमी करतात. स्पर्धेचे नियम मात्र खरेदीआधी वाचावेत, कारण ऑलिंपिकमधील १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही, तिथे छिद्रातून नेम धरावा लागतो.

स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी त्याच प्रकाराकरिता बनवलेली दुर्बीण घ्यावी. या रायफलचा दट्ट्या आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देतो, आणि मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण या दुहेरी धक्क्याने आतून सुटू शकते. जोरदार धक्क्याच्या रायफलवर डोळा आणि मागचे भिंग यांत ९ सेंटिमीटरच्या आसपास अंतर मिळते का ते पाहावे, नाहीतर भुवईवर अर्धचंद्राकृती जखम ठरलेली आहे.

दुर्बीण बसवल्यावर रिंगांचे स्क्रू पक्के आवळण्यापूर्वी एक तपासणी मी कधीच टाळत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री करून आणि शिकारीला घालतो तेच जाड जाकीट घालून मी डोळे मिटतो, रायफल खांद्याला लावतो, गाल दस्त्यावर टेकवतो आणि मग डोळे उघडतो. दृश्याला काळी कड दिसली तर मान हलवत नाही. दुर्बीण काही मिलिमीटर पुढे-मागे सरकवतो आणि पुन्हा डोळे मिटतो.