ठाण्याची दिवाळी पहाट: म्हातारं माणूस आणि लहान मूल सोबत असेल तर आधी हे वाचा

आमच्या नाशिकात पहाट म्हटली की पिंपळपार आठवतो. पाडव्याला अंधारात जाऊन बसायचं, गाणं ऐकायचं, उजाडलं की घरी येऊन फराळ. ठाण्यात त्याच नावाखाली वेगळंच काही असतं, हे आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नाही. उलट निरोप आला होता, "तलावपाळीची (मासुंदा तलावाकाठची) पहाट चुकवू नका, सहकुटुंब या." म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरून नणंदेकडे घणसोलीला दोन रात्री मुक्काम ठोकला. आम्ही चौघं: मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि गुडघ्यांनी थकलेल्या सासूबाई.

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. तीनला उठून उटणं, अभ्यंगस्नान, सगळं उरकलं. सासूबाई हौसेने इरकल नेसल्या. लेकीला परकर-पोलकं आणि नव्या चपला. घणसोलीहून लोकल रिकामी मिळाली, बसायला जागा होती. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे नवी मुंबईकडून येणाऱ्या, गाड्या ठाण्यात नऊ-दहा नंबरला लागतात आणि तलाव आहे पश्चिमेला. म्हणजे अख्खं स्टेशन पुलावरून ओलांडायचं. गुडघेदुखी असेल तर नुसत्या त्या पुलाला पंधरा मिनिटं धरा.

स्टेशन ते मासुंदा तलाव अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही. एरवी दहा मिनिटांचा रस्ता. शिवाजी पथावरून जांभळी नाक्यापर्यंत व्यवस्थित गेलो, झेंडूचे ढीग बघत. कोपिनेश्वराचं दर्शनही शांतपणे झालं. भली मोठी पिंड आहे, लेक बघतच राहिली. आमची पहाट खरं तर तिथेच झाली. आम्ही तिथूनच मागे फिरायला हवं होतं.

चिंतामणी चौक ते गडकरी रंगायतन. तलावाच्या कडेचा एवढासा तुकडा, पण आम्हाला पन्नास मिनिटं लागली. जागोजागी मंच, प्रत्येकाचे आपापले स्पीकर, एकाचं गाणं दुसऱ्यात मिसळलेलं. छातीत धडधड जाणवत होती. लेकीने दोन्ही कान दाबून धरले आणि रडायला लागली. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं, त्या धांदलीत एक चपल गेली. वाकून शोधणं अशक्य होतं, आणि अशा गर्दीत कुणीही वाकू नये. सासूबाईंना मी तलावाच्या कठड्याला टेकवून समोर उभी राहिले. मागून रेटा येतच होता. शेवटी एका महिला पोलिसाने दोर वर करून आम्हाला पलीकडे काढलं. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मुलं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. झब्बे-साड्यांतली तरणी पोरं, शाळा-कॉलेजच्या मित्रमैत्रिणींना कडकडून भेटत होती. दोघांनी तर आपणहून सासूबाईंना वाट करून दिली. ही पहाट त्यांच्या भेटीगाठींची आहे, गाणं ऐकायची नाही. एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही आलोच नसतो, किंवा नीट तयारीने आलो असतो.

परतताना सासूबाईंना पाऊल टाकवेना, म्हणून रिक्षा बघितली. मीटरचं किमान भाडं तेव्हा २६ रुपये होतं, रात्रीचा जादा आकार फक्त बारा ते पाच. तेव्हा आठ वाजून गेले होते. मागितले दोनशे! कारण काय, तर रस्ते बंद, फिरून जावं लागेल. दिले. फिरवलं खरंच, आणि शेवटी स्टेशनच्या अलीकडेच उतरवून उरलेलं चालायला लावलं. दोनशे रुपयांपेक्षा ते उरलेलं चालणं जास्त लागलं मनाला. त्या सकाळी तलावाजवळून रिक्षा करूच नका. आधी नौपाड्याच्या गल्ल्यांत शिरा, घंटाळीच्या देवळापाशी म्हाताऱ्यांना बसवा, दम खाऊ द्या, मग पुढचं बघा.

ज्यांना हा माहोल बघायचाच आहे त्यांनी साडेपाचला पोहोचावं आणि सातच्या आत निघावं. साडेसातनंतर लेकरू घेऊन जाणं हा शुद्ध अविचार. बाबागाडी नकोच. मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी. चुकामूक झाली तर भेटायची जागा "गडकरीसमोर" ठरवू नका, तिथे सगळं ठाणं उभं असतं. आम्ही कोपिनेश्वराचं दार ठरवलं होतं, ते बरोबर निघालं. पायात पट्ट्याच्या, घट्ट चपला. दागिने घरी. आणि गाणंच ऐकायचं असेल तर घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीला भावे नाट्यगृहात त्या दिवसांत काही आहे का ते बघून तिकीट काढा, खुर्चीत बसा.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीला खाडीकाठी गेलो. छान झालं. फ्लेमिंगोंच्या थव्यांसाठी मात्र दिवाळीत जाऊ नका, त्यासाठी थंडी चांगली पडू द्यावी.

सासूबाईंचा गुडघा अजून सुजलेला आहे, शेक चालू आहे. लेक उरलेली एक चपल टाकू देत नाही.