आश्रमाची पेटी

डागी आंबा मुंबईच्या पेटीत चालत नाही. वाऱ्याने फांदीला घासून साल जराशी काळवंडली की वाशीच्या घाऊक बाजारात भाव पडलाच. आत मात्र तोच हापूस. आमच्या रत्नागिरीजवळच्या बागेत असा माल दर तोडणीला निघतो.

गेल्या वर्षी मी हौसेने पिवळेधमक 8 डझन एकदम वृद्धाश्रमात नेऊन ठेवले. माणसं 22. दोन दिवसांत निम्मे लिबलिबीत. तिथल्या मावशी संकोचून म्हणाल्या, “दादा, फेकवत नाही हो, पण खाणार किती?” दान कसलं, कामच ढकललं होतं मी त्यांच्यावर.

यंदा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवलेले हिरवेच नेले, देठ ठेवून, सोबत भाताचा पेंढा. कोपऱ्यात अढी घालून दिली, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत ठेवले. मावशी रोज सकाळी वास घेऊन पिकलेले निवडतात. साका, म्हणजे आतला खराब पांढरट गर, बाहेरून कळत नाही, म्हणून कापूनच वाढतात. डायबेटिसवाल्या आजोबांना एकच फोड. त्यावरून रोज भांडण!

आता त्यांनी फणस मागितलाय. मऊ गऱ्यांचा बरकाच हवा म्हणे, कडक गऱ्यांच्या काप्याला दात लागतात.